मऊ चिंध्यांची चोरी

शांतवन टेलरला कुणाचं माप घ्यायला फीत लागत नसे. गळ्यात असायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानापुरती. रस्त्यानं माणूस चालत गेला की मशीनवरचा पाय न थांबवता तो म्हणायचा, "छाती अडतीस. डावा खांदा अर्धा इंच खाली. उजव्या खिशात काहीतरी जड ठिवायची सवय." दुकानात बसलेलं कुणी हसलं, तर तो त्या वाटसरूला हाक मारून आत बोलवायचा, फितीनं मोजून दाखवायचा, आणि अडतीस भरले की अशी मान हलवायचा, जणू ती छातीसुद्धा त्यानंच शिवली होती.

बाप नेवाशाकडच्या खेड्यात दुसऱ्याच्या रानात राबायचा. बाराव्या वर्षी पाळकसाहेबांनी शांतवनला नगरच्या मिशनच्या उद्योगशाळेत नेऊन घातलं. तिथं सुतारकाम, लोहारकाम आणि शिवण असे तीन वर्ग होते. सुतारांच्या वर्गात रंधा पायावर पडला, लोहारांच्या वर्गात हातोडा अंगठ्यावर बसला. राहिली सुई. "मी टेलर झालो ते काय हुशारीनं न्हाई," तो सांगायचा, "बाकी दोन ठिकानांहून हाकलला म्हनून."

पुढं तो रेल्वेच्या बाजूला वाढत चाललेल्या बाजारपेठेत आला. स्टेशनच्या पाटीवर बेलापूर रोड होतं, लोक गावाला श्रीरामपूर म्हणू लागले होते. स्टेशनच्या रस्त्याला त्याचं दुकान होतं. मागं एक खोली, मोरी आणि परस, ते घर. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडं शांतवन आणि त्याचं मशीन, पलीकडं बायको केशरबाई. लग्नाला वीस वर्षं झाली होती. सुरुवातीला दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडले. त्यानंतर काही नाही. शांतवनची आई असेपर्यंत त्यावरून बोलणी झाली, आई गेल्यावर ती बंद पडली. दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

ही गोष्ट पंचेचाळीस सालची. लढाईमुळं कापडाला कंट्रोल लागून दोन वर्षं झाली होती. एका धोतरजोडीसाठी माणसं दिवसभर रांगेत उभी राहत. लोक शिवायला आणायचे ते बहुतेक जुनंच, कोट उलटा करून, लुगड्याचा सदरा करून. अशा दिवसांत पूर्वी झाडून टाकायची ती कातरणसुद्धा शांतवन जपायला लागला. खिशाचं अस्तर, कॉलरच्या आतली पट्टी, ठिगळं, सगळं त्यातूनच निघायचं. टेबलाखाली एक पोतं होतं, त्यात ती भरलेली असे.

आणि त्या पोत्यातून चोरी होऊ लागली.

पहिल्यांदा त्याला संशय आला तो पाळकसाहेबांच्या सदऱ्याला खिसा लावताना. पांढऱ्या मलमलीचा एक चांगला वीतभर तुकडा त्यानं नक्की ठेवला होता, तो मिळेना. मग त्यानं लक्ष ठेवलं. दर शनिवारी संध्याकाळी तो पोतं पालथं करून तुकडे मोजायचा आणि मशीनमागच्या भिंतीवर निळ्या खडूनं आकडा लिहायचा. महिन्याला तीस-पस्तीस तुकडे जात होते. खाकी आणि ड्रिलला चोर हात लावत नव्हता. जात होती ती मलमल, वायल, धुऊन धुऊन मऊ झालेला मांजरपाट. आणखी एक गंमत त्याच्या ध्यानात आली. दहा-बारा दिवस चोरी जोरात चालायची, मग दोन आठवडे चोर सुट्टीवर जायचा, आणि पुन्हा सुरू.

यावर शांतवननं बराच विचार केला. आपल्या बुद्धीवर त्याचा फार विश्वास होता. मऊ कापड कशाला लागतं? गोधडीच्या आत भरायला. ठरावीक दिवसांनीच चोरी का होते? चोर तिथी बघत असणार. आपल्या ख्रिस्ती माणसांत कोण तिथी बघतं? तेव्हा चोर हिंदू, बाई, आणि गोधड्या शिवणारी. शेजारच्या घरात छबूबाई राहत होत्या. साठीच्या, विधवा, आणि सबंध रस्त्याच्या गोधड्या त्याच शिवत. झालं. इतक्या सरळ टिपेचा शोध आपल्या हातून लागल्याबद्दल त्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

एका दुपारी छबूबाई ओट्यावर गोधडी पसरून बसल्या होत्या. शांतवन समोर जाऊन उभा राहिला. गोधडीच्या कडेला निळ्या रेघांचा एक तुकडा त्याला दिसला.

"मावशी, हा तुकडा माझ्या दुकानातला हाय."

"व्हय," छबूबाई म्हणाल्या. "तुझ्याच दुकानातला."

"मग हितं कसा आला?"

छबूबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. "नाताळात तूच तुझ्या हातानं दिला. गोड पोळीसंगं. म्हनला, मावशी, हे कातरन राहू द्या तुमच्याकडं. आठवतंय का, का तेबी मोजून सांगू?"

शेजारपाजारच्या चार बायका ओट्यांवर येऊन उभ्या होत्या. शांतवनला आठवलं. त्या रेघा हरेगावच्या साखर कारखान्यातल्या एका कारकुनाच्या सदऱ्याच्या होत्या, आणि नाताळात आपण दिलदार झालो होतो हेही खरं होतं. पण एवढ्या माणसांत माघार कशी घ्यायची? "बाकीच्या तुकड्यांचं बघू," असं काहीतरी बोलून तो परत आला. छबूबाई त्यानंतर त्याच्याकडं बघेनाशा झाल्या. केशरबाईनं त्या रात्री भाकरी वाढताना एवढंच विचारलं, "त्या म्हातारीला कशापायी बोलला?" तो म्हणाला, "तुला त्यातलं कळायचं न्हाई."

मग त्यानं सापळा लावायचं ठरवलं. मे महिना होता. "हरेगावला मापं घ्यायला जातो, संध्याकाळच होईल," असं पडद्याकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलं, दुकानाची फळी लावली, आणि रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरला. परसाच्या बाजूनं, चपला हातात घेऊन, ऊन पायाला चटके देत असताना तो चोरासारखा स्वतःच्या घरात शिरला. चोराला पकडताना काय म्हणायचं तेही त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं.

पडदा बाजूला केला तर केशरबाई पोत्यापाशी जमिनीवर बसली होती. डोकं मशीनच्या लोखंडी पायाला टेकवलेलं, डोळे मिटलेले, मुठीत मलमलीचे तीन-चार तुकडे. शांतवनच्या तोंडातून "सापडला" हा शब्द अर्धा बाहेर पडला. उरलेला तसाच राहिला. तिचं लुगडं मागून भिजलं होतं, आणि खालच्या शहाबादी फरशीवर रक्त होतं.

"मला वाटलं, तुमी गेला," ती म्हणाली.

"काय झालंय तुला?"

"चक्कर आली. हुईल कमी."

"हे रगत कसलं?"

"अंगावरून जातंय. दोन वर्सं झाली. आदी आठ दिवस जायचं, मग धा. आता बारा-बारा दिवस थांबत न्हाई. गाठी पडत्यात."

शांतवन तिथंच खाली बसला. "मला सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगायचं? जुनी लुगडी हुती तवर फाडून भागवलं. आता जुनं उरलं न्हाई, नवं मिळत न्हाई. तुमच्या पोत्यात पडलं हुतं, ते घेतलं. धुऊन परत ठिवनार हुते म्हना, पर ते काय परत ठिवायजोगं ऱ्हातंय?" मग ती थोडं हसली. "आन तुमी तर भिंतीवर लिवायला लागला. मग कसं सांगू?"

शेजारी छबूबाईंची सून त्या दिवसांत चार दिवस बाजूला बसायची. ती कधी बसली, कधी उठली, हे सगळ्या रस्त्याला माहीत असे. आपल्या घरात ती चाल नाही याचा शांतवनला अभिमान होता. रविवारी मिशनच्या देवळाबाहेर त्यानं यावर एकदा छोटंसं भाषणही केलं होतं. चाल नव्हती, ते बरंच होतं. पण बाजूला कुणी बसायचं नसल्यामुळं त्याच्या घरात महिन्याचे किती दिवस कसे जातात, हे त्याला वीस वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. गेल्या वर्षापासून ती सारखी मोरीकडं जायची, त्यावर तो चेष्टा करायचा. पोट पुढं आलं, तर म्हणायचा, रेशनच्या दिवसांत तुझं पोट सुटतंय, हा प्रभूचा चमत्कारच. आता त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. ओठ धुतलेल्या मांजरपाटाच्या रंगाचे झाले होते. रस्त्यावरच्या परक्या माणसाचा अर्धा इंच खाली गेलेला खांदा त्याला दिसत होता.

छबूबाईंना हाक मारायची त्याला लाज वाटत होती, पण दुसरं कोण होतं? त्या आल्या. त्यांनी केशरबाईला धुतलं, पुसलं, निजवलं, पायांखाली उशी दिली. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "माझ्या नणंदेला असंच झालतं. वरीसभरात गेली. हितल्या औषधपान्यावर ठिवू नको, नगरला ने." आणि आपल्या घरातून एक नवी गोधडी आणून त्याच्या हातात ठेवली. "गाडीत खाली घाल. बाकडं लई टोचत्यात."

ती तीच गोधडी होती. निळ्या रेघांचा तुकडा वरच होता.

नगरच्या गाडीत त्यानं ती गोधडी बाकड्यावर घालून केशरबाईला बसवलं. शांतवनच्या मनात एकच शब्द घोळत होता, कॅन्सर. त्यानं तो उद्योगशाळेत असताना एका मास्तरांच्या आजारात ऐकला होता. केशरबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाळकसाहेबांचा सदरा राहिलाय." तो म्हणाला, "राहू दे." एवढंच बोलणं झालं.

नगरला बायकांच्या दवाखान्यात पुरुषांनी बाहेरच्या ओसरीत थांबायचं असे. तासाभरानं नर्स त्याला बोलवायला आली. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, आपल्याच मराठी मुलखातल्या, बोलणं तुटक. त्यांनी केशरबाईला तपासलं होतं. केशरबाई खाली मान घालून बसली होती, आणि विचारलेल्या कशाचंच उत्तर नीट देत नव्हती.

"तुम्ही सांगा," डॉक्टरीणबाई शांतवनला म्हणाल्या. "पाळी किती दिवसांनी येते?"

शांतवननं छताकडं पाहिलं.

"रक्तस्राव किती दिवस असतो? किती कपडे लागतात? केव्हापासून वाढलं?"

"बाई, ते मला ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "पर मार्चात चौतीस तुकडे गेले. एप्रिलात एकेचाळीस. जानेवारीत तीसच हुते. बारा दिवस जायचे, मग दोन हप्ते काय न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी टाक खाली ठेवला. "कसले तुकडे?"

त्यानं सगळं सांगितलं. पोतं, भिंत, खडू, तिथी, छबूबाई, हातात चपला. खोटं सांगायचं सुचेपर्यंत खरं बोलून झालं होतं. पाठीमागची नर्स कपाटाकडं तोंड करून काहीतरी शोधू लागली, तिचे खांदे हलत होते. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी आकडे लिहून घेतले. "इतका बरोबर हिशेब मला अजून कुणाच्या नवऱ्यानं दिलेला नाही," त्या म्हणाल्या. "कशासाठी ठेवला होता, ते सोडून देऊ."

मग त्यांनी केशरबाईच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घेतला. एका छापील पट्टीवर लाल रंगाच्या छटा होत्या, गडदापासून फिक्यापर्यंत, प्रत्येकीला आकडा; रंग जितका गडद तितका आकडा मोठा आणि रक्त कसदार. थेंबाचा रंग कुठल्या छटेशी जुळतो ते बघायचं. शांतवनला हे काम कुणी समजावून सांगायला नको होतं. कापडाला दोऱ्याचा रंग जुळवण्यात त्याचा हात धरणारा बेलापूर रोडला कुणी नव्हता. तो पुढं वाकला. केशरबाईचा थेंब पट्टीच्या फिक्या टोकाकडं चाळीसच्या घरात जाऊन बसला.

"माझा बघा," तो म्हणाला. त्याचा थेंब नव्वदवर गेला.

दोन्ही थेंब शेजारी शेजारी वाळत होते. एका घरात, एका तव्यावरची भाकर खाऊन असे दोन रंग कसे झाले, हे काही त्याला कळेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते थांबवावं कसं हे त्याला माहीत नव्हतं, कारण असं पूर्वी झालंच नव्हतं.

"कॅन्सर हाय का?" त्यानं विचारलं.

"तसं वाटत नाही. या गाठी आहेत. गर्भाशयाचं जे मांस, त्याचीच जागच्या जागी गाठ वाढते. फार बायकांना असतात, चाळिशीच्या आसपास तर कितीजणींना. बऱ्याच जणींना कळतही नाही, त्रासही होत नाही, आणि आम्ही त्यांना हात लावत नाही. पाळी गेली की त्या आपोआप आक्रसतात. त्यातली एखादी कॅन्सरची निघणं फार क्वचित."

"मग हिलाच एवढा तरास का?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गळ्यातल्या फितीकडं पाहिलं. ती घाईत तशीच राहिली होती. "कोटाला अस्तर असतं. अस्तराखाली लिंबू ठेवून शिवलंत तर काय होईल?"

"अस्तर तानंल. फुगंल. नीट बसनार न्हाई."

"गर्भाशयालाही आतून अस्तर असतं. दर महिन्याला तेच गळून जातं. यांच्या अस्तराखाली गाठी आहेत. अस्तर ताणलं, पसरलं, म्हणून रक्त जास्त. आणि बाहेरच्या बाजूची एक गाठ मोठी आहे, ती लघवीच्या पिशवीवर दाबते. म्हणून त्या सारख्या मोरीकडं जातात. सगळं मिळून पोटात पाच महिन्यांच्या गर्भाएवढं झालंय."

शांतवनची नजर केशरबाईच्या पोटाकडं गेली. प्रभूच्या चमत्काराची चेष्टा त्याला आठवली.

"कशानं झालं?" केशरबाईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "माझं काय चुकलं?"

"काही नाही. का होतात ते आम्हालाही ठाऊक नाही. तुमच्या खाण्यानं, वागण्यानं झालेल्या नाहीत."

"आन लेकरं राहिली न्हाईत, ती ह्याच्यामुळं?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "असेल. गाठीमुळं गर्भ टिकत नाही, असं होतं कधी कधी. वीस वर्षांपूर्वी होत्या की नाही, हे मला आज नक्की सांगता येणार नाही."

केशरबाईनं पदर तोंडाला लावला. शांतवनला वाटलं, ती रडतेय. ती रडतही होती. पण लेकरांवरून ऐकवलेलं सासूचं जे एक वाक्य वीस वर्षं तिच्या अंगावर बसलं होतं, ते उठून जरा बाजूला झालं होतं, हे तिनं त्याला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

उपाय काय, हे डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. पाळी जायची वाट बघायची, तर आणखी सात-आठ वर्षं एवढं रक्त आणायचं कुठून? मोठ्या शहरात किरण देऊन पाळी बंद करतात, पण एवढ्या वाढलेल्या गाठीला ते बरं नाही. मूल हवं असलेल्या तरुण बाईची नुसती गाठ सोलून काढतात, गर्भाची पिशवी ठेवतात. इथं गाठी पाच-सहा आहेत, अंगात रक्त नाही. तेव्हा पिशवीच काढायची. दोन्हीकडचे बीजकोश ठेवायचे, म्हणजे एकदम म्हातारपण यायचं नाही. पण आज नाही. आधी महिनाभर दवाखान्यात पडून राहायचं, लोखंडाचं औषध घ्यायचं, कलेजी आणि पालेभाजी खायची, रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या घ्यायच्या. रंग जरा वर चढला की मग ऑपरेशन.

"चालंल," शांतवन म्हणाला. "करून टाका."

"तुम्हाला नाही विचारलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

केशरबाईनं रात्रभर विचार केला. सकाळी तिनं विचारलं ते एवढंच, की पिशवी काढल्यावर ओझं उचलता येईल का, आणि मिश्या येतात म्हणतात ते खरं का. ओझं तीन महिन्यांनी, आणि मिश्या येत नाहीत, असं उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, "मग काढा."

तो महिना शांतवननं नगरला चुलतभावाकडं पथारी टाकून काढला. रोज ओसरीत बसून बसून त्याचे पाय मशीनशिवाय हलायला लागले. शेवटी नर्सनं त्याला मागच्या खोलीत नेलं. तिथं एक पायमशीन आणि फाटक्या चादरींचा ढीग होता. दवाखान्यालाही कापड कुठं मिळत होतं. शांतवननं चादरी दुहेरी केल्या, डॉक्टरांचे झगे सांधले, पोरांची झबली काढली. पहिल्या झग्याची बाही त्यानं नजरेनं माप घेऊन कापली आणि ती डॉक्टरीणबाईंना चार बोटं आखूड झाली. "नजर जरा तपासून घ्या तुमची," त्या म्हणाल्या. तेव्हापासून तो फीत वापरायला लागला.

केशरबाईचा थेंब चाळीसवरून साठावर आला. दर आठवड्याला शांतवन पट्टी बघायला पुढं यायचा, आणि नर्सच्या आधी आकडा सांगायचा. औषधानं शी काळी होते म्हणून केशरबाई घाबरली, तर यानं वॉर्डभर सगळ्या बायकांना, कुणी न विचारता, समजावून सांगितलं की लोखंडानं असंच होतं. त्यावर नर्सनं त्याला पुन्हा मागच्या खोलीत नेऊन बसवलं.

ऑपरेशनच्या आधी रक्त द्यायचं ठरलं. शांतवनचं जुळलं. "सुईचं काय घेऊन बसलाय, तीस वर्सं सुईवर पोट भरतोय," असं म्हणत तो आडवा झाला. ती सुई बघितल्यावर त्यानं विचारलं, ही कुठल्या नंबरची. एवढंच त्याला आठवतं. जागा झाला तेव्हा रक्त काढून झालं होतं, आणि नर्स त्याला साखरेचं पाणी पाजत होती.

ऑपरेशन सकाळी झालं, अडीच तास चाललं. त्या अडीच तासांत त्यानं एक चादर तीनदा शिवली आणि तीनदा उसवली. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तोंडावरचं कापड खाली ओढून म्हणाल्या, "ठीक आहे ती. बघायचंय का?"

त्याला नको होतं, पण तो गेला. एनामलच्या भांड्यात ते होतं. त्याला वाटलं होतं, काहीतरी भेसूर असेल. मोठी गाठ नारळाएवढी, गुळगुळीत, टणक, आणि डॉक्टरीणबाईंनी ती सुरीनं चिरून ठेवली होती. आतून पांढरी. आणि त्या पांढऱ्यात वेटोळी, एकावर एक, जशी सुताच्या गुंड्याची असतात. शांतवन बराच वेळ बघत राहिला. दोन वर्षं हे गुंडाळत गेलं, दोन वर्षं ती हे घेऊन दळण दळत होती, पाणी आणत होती, आणि पडद्याच्या अलीकडं हा मलमलीच्या तुकड्यांवर पाळत ठेवत होता.

केशरबाईला तीन दिवस ताप आला, गोळ्यांनी उतरला. दहाव्या दिवशी टाके काढले. मोठ्या शहरात तपासायला पाठवलेला गाठीचा तुकडाही साधाच निघाला, कॅन्सर नव्हता.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. तीन महिने ओझं उचलायचं नाही, म्हणजे पाणी कोण आणणार? शांतवननं आयुष्यात डोक्यावर टोपीपेक्षा जड काही ठेवलं नव्हतं. पहिल्या दिवशी विहिरीवरून घरी आणेपर्यंत घागर अर्धी झाली आणि सदरा पुरा भिजला. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. छबूबाई ओट्यावरून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या उठून आल्या, जुन्या लुगड्याची चुंबळ वळून त्याच्या डोक्यावर ठेवली, वर घागर ठेवली, आणि म्हणाल्या, "मान ताठ ठिव. भिंतीवर लिवताना ठिवायचा तशी."

त्यानं तिथंच, घागर डोक्यावर असतानाच, माफी मागितली. वाकता येत नव्हतं, त्यामुळं ती जरा ताठ्यातच मागितल्यासारखी झाली.

"जा आता, पानी सांडंल," छबूबाई म्हणाल्या.

पोटावरचा व्रण केशरबाईनं त्याला दोन महिने दाखवला नाही. "ते काय गिऱ्हाइकाचं काम हाय, बघायला?" असं म्हणायची. शेवटी एकदा दाखवला. शांतवननं दिवा जवळ धरून पाहिला. "टाके सरळ हायेत. पर खालचं टोक घाईत संपवलंय." केशरबाईनं दिव्यावर फुंकर मारली.

दिवाळीपर्यंत तिच्या ओठांना रंग आला. ती पुन्हा दळायला बसली, देवळात गायला लागली, आणि शांतवनवर पूर्वी कधी केला नव्हता इतका मोठा आवाज करायला लागली. तो म्हणायचा, माझंच रगत घातलंय, त्याचा परिणाम.

त्यानंतरच्या वर्षी सोनईचा सूर्यभान नावाचा शेतकरी मुलाच्या लग्नासाठी कोट शिवायला आला. माप घेता घेता शांतवननं विचारलं, "घरची मंडळी बरी हायेत का?" सूर्यभान म्हणाला, बरी आहेत. शांतवननं पुन्हा विचारलं, "महिन्याच्या दिवसांत तरास न्हाई ना?" सूर्यभानचा चेहरा लाल झाला. त्यानं फीत अंगावरून झटकली आणि तो निघायला लागला. परक्या बाईबद्दल असं विचारणारा टेलर त्यानं बघितला नव्हता.

"बसा, पावनं," शांतवन म्हणाला. "मी किती गाढव हाय ते ऐका, मग जा."

आणि त्यानं पोत्यापासून घागरीपर्यंत सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, उलट चपला हातात घेऊन परसातून शिरल्याचं त्यानं उठून करून दाखवलं. सूर्यभान आधी ओठ मिटून बसला होता, मग हसायला लागला, डोळे पुसेपर्यंत हसला. हसून झाल्यावर त्यानं काढून ठेवलेलं पागोटं मांडीवर घेतलं.

"आमच्या घरातबी," तो खाली बघून म्हणाला, "सारखी दमती. कायतरी हाय. विचारलं तर सांगत न्हाई."

"तुमाला सांगनार बी न्हाई," पडद्यामागून केशरबाई म्हणाली. "मला भेटवा."

आठ दिवसांनी केशरबाई सूर्यभानच्या बायकोला, मनकर्णाबाईला, घेऊन नगरच्या गाडीत बसली. तपासल्यावर गाठ निघाली, पण लिंबाएवढी एकच. डॉक्टरीणबाईंनी लोखंडाचं औषध दिलं, ऑपरेशन नको म्हणाल्या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. केशरबाईनं गाडीत येताना तिला अस्तराचं आणि लिंबाचं सगळं समजावून दिलं.

त्या दिवशी घरी शांतवननं स्वतः भाकरी थापल्या. त्या गोल झाल्या नाहीत. एकीचा आकार तर सरळ कोटाच्या पाठीसारखा झाला, मधे सांधा असलेला. संध्याकाळच्या गाडीनं केशरबाई परत आली, हातपाय धुतले, ताट पुढं ओढलं, आणि ती भाकरी तिनं सांध्यावर मोडून खाल्ली.